पेपरात ≥ चा ³ होतो, ९०° चे ९०० होतात: गणिती चिन्हं बिघडतात तेव्हा काय बघायचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, प्रोजेक्ट सगळं करतो, पण जून ते मार्च खरं काम म्हणजे क्लासवाल्यांचे गणिताचे पेपर. गेल्या पावसाळ्यात अकरावीचा एक पेपर टाइप करून छापखान्यात दिला. प्रश्न असा होता: क्ष ≥ २ आणि य ≤ ७ असताना अमुक काढा. छापून आलं ते असं: क्ष³२ आणि य£७.

सकाळी सरांचा फोन. "काय वं, गणिताच्या पेपरात पाउंड कशाला घातलाय?"

पाउंड सगळ्यांना दिसला, पोरंही हसली. खरा घात केला तो त्या ³ नं. तो कुणाच्याच डोळ्यांत आला नाही, कारण क्षचा घन हे गणितात अगदी शोभून दिसतं. निम्म्या वर्गानं घन समजून उदाहरण सोडवलं आणि सरांना तो प्रश्न रद्द करावा लागला.

असले घोटाळे माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. सगळ्यांची तक्रार एकच असते, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे." फॉन्ट बदलून बघतात, जरा बरं दिसतं, पुढच्या पेपरात पुन्हा तेच. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. (या लेखात चल म्हणून क्ष आणि य घेतलेत, तुमच्याकडे इंग्रजी अक्षरं असतील. तसंच खाली दिलेले सगळे कोड इंग्रजी आकड्यांतच टाकायचे, देवनागरी आकड्यांनी ते चालत नाहीत.)

आधी नोटपॅडमध्ये टाकून बघा

पडद्यावर दिसणारं ≥ तीन प्रकारचं असू शकतं, आणि तिन्ही दिसायला सारखीच. एक, खरंखुरं युनिकोड चिन्ह, म्हणजे जगभर ठरलेला स्वतःचा कोड असलेलं. दोन, भलत्याच अक्षराला सिम्बॉल फॉन्टचा सदरा घालून केलेलं सोंग. तीन, समीकरणाच्या चौकटीत बसवलेलं चिन्ह. औषध तिघांचं वेगळं, त्यामुळे आधी निदान.

बिघडलेली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. चिन्ह जसंच्या तसं आलं तर ते युनिकोड, दोष दुसरीकडे शोधायचा. त्या जागी भलतं अक्षर किंवा रिकामा चौकोन आला तर ते सोंग. आणि अपूर्णांक, वर्गमूळ, घात असं सगळं एका रांगेत सपाट होऊन आलं किंवा काहीच आलं नाही, तर ती चौकट होती.

माझ्या पेपरात दुसरा प्रकार होता. सिम्बॉल फॉन्टमध्ये ³ च्या जागेवर ≥ चं चित्र काढलेलं असतं. म्हणजे फाइलमध्ये साठवलेलं असतं ³, फॉन्ट फक्त ते ≥ असं दाखवतो. छापखान्यातल्या पोरानं सगळा मजकूर एकसारखा दिसावा म्हणून कंट्रोल-ए मारून फॉन्ट बदलला आणि सदरा उतरला. त्याला दोष देऊन उपयोग नाही. चिन्ह जुन्या सवयीनं मीच तसं घातलं होतं.

हे सोंग ओळखायला सोपं आहे, कारण बदल नेहमी ठरलेलाच होतो. ≤ चा £ होतो, ≥ चा ³, ≠ चा ¹, ∞ चा येनचा ¥. गुणाकाराचं × जाऊन ´ असा टिकला उरतो आणि ÷ जाऊन खाली ¸ अशी शेपटी. π चा साधा इंग्रजी पी होतो. √ च्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेला मोठा ओ, ∫ च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ओ, आणि ∑ च्या जागी डोक्यावर गोल असलेला ए. यातली जोडी दिसली की पुढचं काही तपासू नका, कारण सापडलं. त्यातही ³ आणि ¹ वर खास नजर ठेवा. बाकीचे विचित्र दिसतात म्हणून पकडले जातात, हे दोघं घात बनून बसतात.

दुरुस्ती म्हणजे ती चिन्हं पुसून युनिकोडमधली घालायची. वर्डमध्ये सर्वांत सोपी पद्धत अशी: चिन्हाचा चार अंकी कोड लिहायचा आणि लगेच ऑल्ट दाबून एक्स दाबायचं. ≥ साठी २२६५, ≤ साठी २२६४, ≠ साठी २२६०, वजाबाकीच्या खऱ्या चिन्हासाठी २२१२, ∑ साठी २२११, ∂ साठी २२०२. काहींत शेवटी इंग्रजी अक्षर असतं: √ म्हणजे २२१ आणि ए, ∞ म्हणजे २२१ आणि ई, ∫ म्हणजे २२२ आणि बी. एक खोच आहे. आधी ५ लिहून त्याला चिकटूनच २२६५ टाकलं तर वर्ड ते एकत्र ५२२६५ समजतं आणि भलतंच काही करतं. अशा वेळी फक्त ते चार आकडे सिलेक्ट करून मग ऑल्ट-एक्स.

वर्डच्या बाहेर, नंबरपॅड असलेल्या कीबोर्डवर ऑल्ट धरून ०२१५ दाबलं की ×, ०२४७ ला ÷, ०१७६ ला °. माझ्या टेबलावर या तिन्हींची चिठ्ठी चिकटवलेली आहे, दहा वर्षांत पाठ झाली नाही.

मराठी कीबोर्ड चालू राहिला की

हा दुसरा आजार फक्त आपल्यासारख्यांना होतो, म्हणून इंग्रजी मदतपानांवर तो सापडत नाही. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर गणिताला लागणाऱ्या बहुतेक जागा आपल्या अक्षरांनी घेतल्यात. बरोबरची कळ दाबली की ृ येतो, म्हणजे "क्ष=५" लिहायला जावं तर "क्षृ५" होतं. घातासाठी जी टोपी दाबतो, शिफ्ट आणि ६, तिथे त्र आहे. तारांकनाच्या जागी श्र, टक्क्याच्या जागी ज्ञ, तिरक्या रेघेच्या जागी य, लहान-मोठेपणाच्या दोन चिन्हांच्या जागी ष आणि दंड.

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा पोरगा एकदा प्रिंट घेऊन आला. ड्रॉइंगवर लिहिलेलं: "ज्ञज्ञम५०". त्याला वाटलं व्हायरस. ऑटोकॅडमध्ये व्यासाचं चिन्ह काढायला दोनदा टक्के आणि मग सी लिहितात, दोनदा टक्के आणि पी म्हणजे ±, दोनदा टक्के आणि डी म्हणजे अंश. कीबोर्ड मराठीवर राहिला होता, टक्क्याचा ज्ञ झाला आणि सीचा म. ५० मिलिमीटर व्यासाचा बुश ज्ञज्ञम झाला. दुकानात तेव्हापासून कुठलंही टायपिंग गंडलं की "ज्ञज्ञम झालं" असंच म्हणतात.

उपाय विंडोज आणि स्पेसबार, म्हणजे भाषा बदलते. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी रोग परत का येतो? कारण वर्डमध्ये एक सोय आहे, आजूबाजूच्या मजकुराची भाषा बघून कीबोर्ड आपोआप बदलण्याची. तुम्ही मराठी वाक्याच्या मध्ये समीकरण लिहायला इंग्रजी घेता, एकदा माउसनं मागच्या मराठी शब्दावर क्लिक करता आणि कीबोर्ड गुपचूप मराठी होतो. फाइलमधल्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड उघडा, एडिटिंगच्या भागात ही खूण असते, ती काढून टाका. मी काढली त्या दिवसापासून अर्धी डोकेदुखी गेली.

वर्डचा आगाऊपणा

पर्यायी प्रश्नांत तिसरा पर्याय कंसात सी लिहिला की © होतो. पहिले दोन पर्याय ठीक, चौथा ठीक, मध्येच कॉपीराइट. १/२ लिहिलं की छोटा ½ होतो, ३/४ चाही होतो, पण १/३ तसाच मोठा राहतो, आणि एका ओळीत तिन्ही असले की पान दात पडल्यासारखं दिसतं. ओळीच्या सुरुवातीला लहान एक्स लिहिला की तो मोठा होतो. गणितात लहान आणि मोठा एक्स वेगळे असू शकतात हे वर्डला कोण सांगणार. डेरिव्हेटिव्हचा डॅश, एफ डॅश लिहिताना देतो तो, वाकडं अवतरणचिन्ह होऊन बसतो. तिथे २०३२ कोडचं ′ घालायचं.

त्या त्या वेळी कंट्रोल-झेड दाबलं तर मागे फिरतं. पण रोज पेपर करत असाल तर ऑटोकरेक्टच्या यादीतून कंसातला सी कायमचा उडवा. त्याच खिडकीत मॅथ ऑटोकरेक्ट नावाचा भाग आहे, तिथली समीकरणाबाहेरही नियम लावण्याची खूण मात्र चालू करा. मग साध्या ओळीतसुद्धा बॅकस्लॅश जीई आणि स्पेस दिलं की ≥ येतं, बॅकस्लॅश पीआय दिलं की π. आकडी कोडांपेक्षा हे कितीतरी लवकर हाताला बसतं.

वजाबाकीसाठी साधी हायफन वापरली तर वर्ड तिला शब्द तोडायची जागा समजतो. ओळ संपली की उणे वर राहतं, पाच खालच्या ओळीत जातो, आणि उत्तर −५ चं ५ होतं. २२१२ वापरा.

वर चढवलेले आकडे

९०° चा कोन लिहायला बरेच जण ९० लिहून पुढचं शून्य सुपरस्क्रिप्ट करतात. कागदावर छान दिसतं. तोच मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की कोन ९०० होतो. १०⁵ चे १०५ होतात, क्ष² चा क्ष२. वर चढवणं ही नुसती सजावट असते आणि साधा मजकूर सजावट सोबत नेत नाही. एका सरांनी ग्रुपवर पाठवलेलं भौतिकशास्त्राचं उत्तर असंच १०८ झालं होतं. प्रकाशाचा वेग मीटर प्रति सेकंदात ३ × १०⁸, तो झाला ३ × १०८. म्हणजे ३२४. जरा जोरात चाललेल्या विमानाचा.

अंशासाठी ° हे स्वतंत्र चिन्ह वापरा. ² आणि ³ युनिकोडमध्ये स्वतंत्र आहेत, ४ पासूनचे घातही आहेत, पण ते कोष्टकात वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे काही फॉन्टमध्ये ² जाड आणि ⁵ बारीक दिसतो. छापायचं असेल तर समीकरणाची चौकटच घ्या. मोबाइलवर उत्तर पाठवायचं असेल तर जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) आकडा दाबून धरला की वरचा छोटा आकडा मिळतो, बरोबरचं चिन्ह दाबून धरलं की ≠, ≈ आणि ∞ मिळतात. गुणाकाराला तारांकन नको: व्हॉट्सॲप दोन तारांकनांमधला मजकूर ठळक करतं आणि तारांकनं गिळतं.

अपूर्णांक, मूळ, इंटिग्रेशन

इथे चिन्ह बरोबर असूनही अर्थ बिघडतो, आणि इथे मी गिऱ्हाइकाला उलट विचारल्याशिवाय टाइप करत नाही. हातानं लिहिताना रेघ किती लांब ओढली यावरून सगळं कळतं. √ ची छत्री फक्त क्षवर आहे की पुढच्या +५ वरही, ते दिसतं. एका ओळीत √क्ष+५ लिहिलं की छत्रीच गेली. १/२क्ष म्हणजे क्षचा निम्मा की २क्षचा व्यस्त? शाळेतलं कंचेभागुबेव इथे अर्धवटच कामाला येतं, कारण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्यातून कळत नाही. कंस घाला: √(क्ष+५), १/(२क्ष). कंस जास्त झाले म्हणून आजवर कुणाचे मार्क गेलेले मला माहीत नाहीत.

वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरची कळ एकत्र दाबली की समीकरणाची चौकट उघडते (कीबोर्ड इंग्रजी हवा, नाहीतर ज्ञज्ञम). आत (क्ष+१)/(क्ष−१) लिहून स्पेस दिला की उभा अपूर्णांक तयार होतो आणि बाहेरचे कंस आपोआप नाहीसे होतात. ते गेले म्हणून घाबरून परत घालू नका. वर्गमुळासाठी बॅकस्लॅश एसक्यूआरटी, मग कंसात मजकूर, मग स्पेस. इंटिग्रेशनला बॅकस्लॅश आयएनटी, मग अधोरेखेनं खालची मर्यादा, टोपीनं वरची, स्पेस. प्रत्येक पायरीला स्पेस हीच किल्ली. "लिहिलं तसंच राहतंय, चिन्ह बनत नाही" असं दहापैकी आठ वेळा येतं तेव्हा स्पेस दिलेला नसतो.

लाटेकमध्ये (आज्ञा टाइप करून गणित छापायचं सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे टोपीनंतरचं फक्त एकच अक्षर किंवा आकडा वर जातो. क्षचा दहावा घात लिहिताना टोपी आणि १० दिलं की १ वर चढतो आणि ० खाली राहतो. वर्डच्या चौकटीत मात्र लागून आलेले आकडे-अक्षरं सगळीच वर जातात, म्हणजे ईचा २क्षवा घात वर्डमध्ये कंसाशिवाय जमतो, लाटेकमध्ये ईचा वर्ग गुणिले क्ष होतो. एकीकडून दुसरीकडे नेताना हमखास फसगत. दोन्हीकडे घात कंसात ठेवायची सवय लावा, लाटेकमध्ये महिरपी, वर्डमध्ये साधा. साइन, कॉस, लॉग यांच्याआधी लाटेकमध्ये बॅकस्लॅश द्या. नाही दिला तर एस गुणिले आय गुणिले एन असं तिरकं छापलं जातं.

आता मराठी शब्द. "वेग = अंतर/वेळ" असं लाटेकच्या गणिती भागात थेट लिहिलं तर नेहमीच्या पीडीएफ-लाटेकमध्ये देवनागरी येतच नाही. झीलाटेकसारखा युनिकोड चालणारा लाटेकचा प्रकार घ्यावा लागतो आणि शब्द टेक्स्टच्या आज्ञेत गुंडाळावा लागतो. एमएससीची एक मुलगी प्रबंध घेऊन आली होती. अक्षरं येत होती, पण प्रत्येक वेलांटी अक्षराच्या मागे पडत होती, जोडाक्षरं फुटत होती. तिनं चार फॉन्ट बदलून बघितले होते. फॉन्ट सांगतानाच स्क्रिप्ट देवनागरी असल्याचं लिहावं लागतं, ती एक ओळ राहिली होती. घातली, सगळं जागेवर. पाच मिनिटांचं काम, तिचे तीन दिवस गेले होते.

या लाटेकचं मूळ असलेलं टेक्स हे डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये सुरू केलं, तेही असल्याच वैतागातून: स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांना बघवेनात. आपल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत आणि अज्ञाताला "या" लिहीत. ते टिंब मला कुणी टाइप करायला सांगितलं नाही हे नशीब.

समीकरण दिसतं, पण हात लावता येत नाही

जुन्या पेपरांच्या फाइल दरवर्षी थोडे आकडे बदलून वापरतात. त्यातलं समीकरण उघडतच नाही अशी तक्रार आली की दोन शक्यता. पहिली, ते वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये केलेलं आहे. तो एडिटर सुरक्षेच्या त्रुटीमुळे जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये काढून टाकला. समीकरण दिसतं, छापतं, बदलता येत नाही. नव्या वर्डमध्ये त्यावर डबल क्लिक केल्यावर नव्या पद्धतीत बदलायचं का असं विचारतं, हो म्हणा आणि मग एकेक ताडून बघा. मॅथटाइप हे समीकरणांचं वेगळं सॉफ्टवेअर असेल तर त्यातही उघडतं.

दुसरी शक्यता जास्त वेळा निघते. कुणीतरी फाइल जुन्या डॉक प्रकारात सेव्ह केली, बहुतेक वेळा समोरच्यानं "जुन्या वर्डमध्ये द्या" म्हटलं म्हणून. त्या क्षणी सगळी समीकरणं चित्रं होतात. परत डॉकएक्स केलं की ती पुन्हा बदलता येऊ शकतात, पण मधे जुन्या वर्डमध्ये फाइलला हात लागला असेल तर चित्रंच राहतात. समीकरणाचं बटण फिकट दिसत असेल तर फाइल अजून जुन्याच प्रकारात आहे, इन्फोमध्ये जाऊन कन्व्हर्ट करा. तरीही चित्रंच राहिली तर आधीची डॉकएक्स प्रत शोधा, नाहीतर नव्यानं टायपिंग.

जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये पेपर असेल तर तिथे सगळा मराठी मजकूरच सोंग असतो, सिम्बॉल फॉन्टसारखा. कंट्रोल-ए करून फॉन्ट बदलला की मराठीचं इंग्रजी कडबोळं होतं, आणि उलट, समीकरणातल्या इंग्रजी अक्षरांना मराठी फॉन्ट लागून त्यांची काना-मात्रा होते. अशा फाइलला डागडुजी करत बसू नका. मराठी मजकूर कन्व्हर्टरनं एकदा युनिकोड करून घ्या, समीकरणं नव्यानं बसवा.

छापखान्यात आता मी वर्ड फाइल देतच नाही, पीडीएफ देतो, आणि सोबत एक कागद: पेपरातली सगळी ≥, ≤, ≠, √ आणि उणे चिन्हं हातानं गोल करून. छापून पहिली प्रत आली की पोरगं तो कागद शेजारी धरून गोल मोजतं. मागच्या आठवड्यात त्यानं फोन केला, "दादा, तेवीस गोल हायत, बावीसच दिसत्यात." तेविसावा गोल माझ्या चहाच्या कपाचा होता.